राजीनाम्याचे सौंदर्यशास्त्र

मराठी वाङ्मयीन संस्कृतीत कथा-कविता-कादंबरीइतकाच प्रतिष्ठित असा एक लेखनप्रकार आहे, आणि त्याचा समावेश कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. तो म्हणजे राजीनामा. अमुक लेखकाने भरल्या पगाराची नोकरी सोडून लेखनाला वाहून घेतले, हे वाक्य परिचयात उच्चारले गेले की सभागृहात आदराची शांतता पसरते. पुढे वाचायच्या पुस्तकाचा निम्मा दर्जा जणू त्या एका अर्जाने आधीच सिद्ध झालेला असतो. उलट, 'पस्तीस वर्षे कचेरीत होते, सवड मिळेल तसे लिहीत' असे कुणाविषयी सांगितले तर ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सौम्य दयाभाव उमटतो. पहिला साधक, दुसरा हौशी. ही वर्गवारी कुणी केली, कशाच्या आधारे केली आणि तिचा फायदा कुणाला होतो, हे प्रश्न आम्हांला या लेखात विचारायचे आहेत.

ते आजच विचारण्याचे कारण उघड आहे. दरवर्षी एम. ए.च्या वर्गांच्या निरोप समारंभांत या राजीनाम्याचे प्रवचन होते. मनाचा कौल घ्या, चाकोरी मोडा, सुरक्षिततेचा मोह सोडा. प्रवचनकार बहुधा सातव्या वेतन आयोगानुसार वेतन घेणारा असतो आणि श्रोत्यांपैकी निम्म्यांच्या घरी त्याच महिन्यात 'पुढे काय?' हा प्रश्न उभा असतो. विसंगती विनोदी आहेच. पण तिच्यात एक वैचारिक फसवणूकही आहे. नोकरी की निर्मिती हा प्रश्न व्यक्तीच्या धैर्याचा म्हणून मांडला की, लेखनाला लागणाऱ्या वेळेची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न विचारावाच लागत नाही.

या मिथकाच्या मुळाशी जायचे तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांपर्यंत जावे लागते. सरकारी शाळेतली नोकरी त्यांनी सोडली, ही आधुनिक मराठी गद्याची जणू जन्मकथा म्हणून सांगितली जाते. पण ती सांगताना दोन तपशील गाळले जातात. पहिला असा की 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली ती विष्णुशास्त्री सरकारी नोकरीत असताना, आणि तिच्या आयुष्याचा मोठा भाग त्या नोकरीच्या पगारावरच निभावला. दुसरा तपशील अधिक महत्त्वाचा. नोकरी सोडून विष्णुशास्त्री एकांतात लिहीत बसले नाहीत. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली 'केसरी' अशा संस्था त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठोपाठ उभ्या केल्या. सरकारी पगाराच्या जागी त्यांना दुसरी, आपल्या ताब्यातली, उपजीविकेची व्यवस्था हवी होती. म्हणजे हा राजीनामा एका आश्रयातून निघून दुसरा आश्रय बांधण्याचा उद्योग होता. आम्ही त्यातला पहिला अर्धा भाग घेतला, त्याची गाथा केली आणि बांधकामाचा अर्धा भाग सोयीने विसरलो.

आता मराठी साहित्याची हजेरीपत्रकाच्या अंगाने उजळणी करून पाहावी. केशवसुत शाळामास्तर होते. हरिभाऊ आपटे पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापन पाहत. मर्ढेकर आणि 'बनगरवाडी'चे व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. श्री. ना. पेंडसे मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत, विंदा करंदीकर मुंबईत, ग्रेस नागपुरात मराठी. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक. लघुअनियतकालिकांच्या बंडखोर पिढीत ज्यांनी प्रस्थापितांवर कोरडे ओढले, त्यांपैकीही अनेकांचे पोट महाविद्यालये, वृत्तपत्रे आणि जाहिरातसंस्था यांवर चालत होते. यांतल्या कुणाला आम्ही 'फावल्या वेळचा लेखक' म्हणणार आहोत? जी. एं.ची कथा फावल्या वेळची आहे काय? 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली काढून अश्लीलतेच्या खटल्याला सामोरे जाणारा मर्ढेकर नावाचा माणूस सरकारी नोकर होता, हे त्याच्या नवतेला कमीपणा आणणारे आहे, की नवतेविषयीच्या आमच्या कल्पनांना?

यावर एक ठरलेला प्रतिवाद येतो. हे लेखक नोकरी असूनही मोठे झाले. नोकरी नसती तर किती मोठे झाले असते! या युक्तिवादाचे सौंदर्य असे की तो कधीच खोटा पाडता येत नाही. मात्र नोकरी नसलेल्या प्रतिभावंताचे काय होते, हे पाहण्यासाठी कल्पनेची गरज नाही. अण्णा भाऊ साठे आमच्यासमोर आहेत. 'फकिरा' १९५९ साली आली, तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, अण्णा भाऊंच्या लेखनावर चित्रपट निघाले. आणि १९६९ साली, वयाची पन्नाशीही न गाठता, मुंबईत हा लेखक हलाखीत गेला. त्यांनी सोडलेली कोणतीही सुरक्षित कारकीर्द नव्हती, कारण ती त्यांना देऊ केली गेलीच नव्हती. राजीनाम्याच्या सौंदर्यशास्त्रात अण्णा भाऊ बसत नाहीत. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे काही आहे, त्याच्याच त्यागाला तिथे किंमत मिळते.

इथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. ध्यासाची किंमत नेहमीच कुणीतरी मोजत असते. ती मोजणारा माणूस ध्यास घेणाराच असतो असे नाही. तुकोबांचे दुकान बुडाले, कर्जखते इंद्रायणीत गेली, या कथा आम्ही भक्तिभावाने सांगतो. त्याच कथांत घरात धान्य नाही म्हणून बोलणारी आवली कर्कशा ठरते. साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. चुलीपाशी बसून हिशेब मागणाऱ्या त्या बाईच्या बाजूने आमच्या कीर्तनांत किती वेळा उभे राहिले गेले? रेव्हरंड टिळकांचा मनस्वी स्वभाव, आज इथे तर उद्या तिथे जाणे, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे, यांचे कौतुक जरूर व्हावे. पण १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' शिकवताना आम्ही त्यातल्या विनोदावर थांबतो. कवीच्या मुक्त वृत्तीचा खर्च एका संसाराच्या खात्यावर कसा पडत गेला, याचा मराठीतला इतका सविस्तर जमाखर्च दुसरा नाही. लक्ष्मीबाई तो हसत मांडतात, म्हणून तो जमाखर्च नाही असे होत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना व्हर्जिनिया वुल्फ यांचे १९२९ सालचे 'अ रूम ऑफ वन्स ओन' ठाऊक असते. स्त्रीला लिहायचे तर स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत, हा त्यातला सिद्धान्त परीक्षेत हमखास लिहिला जातो. ते पाचशे पौंड आले कुठून, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पुस्तकातल्या निवेदिकेची एक आत्या मुंबईत फेरफटक्याला निघाली असता घोड्यावरून पडून वारली आणि तिने मागे ठेवलेल्या पैशावर ही स्वतंत्र खोली उभी राहिली. लंडनमधल्या लेखनस्वातंत्र्याचा एक धागा असा वसाहतीच्या मुंबईत येऊन पोहोचतो. वुल्फ यांचा मोठेपणा हा की त्यांनी पैशाचा उगम लपवला नाही. आमच्या लेखकपरिचयांत तो उगम लपवण्याची रीत आहे. वडिलोपार्जित जमीन, शहरातली स्वतःच्या मालकीची जागा, पत्नीची कायम नोकरी, यांपैकी एकही गोष्ट पुस्तकाच्या मलपृष्ठावर येत नाही. येतो तो फक्त राजीनामा.

जातीचा प्रश्न आला की हे सौंदर्यशास्त्र साफ कोसळते. गिरणी कामगाराने उचलून वाढवलेले नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आले. त्यांच्या लेखी नोकरी ही कवितेची शत्रू नव्हती. फळ्याजवळ पोहोचण्याची ती वाट होती. ज्या घरात पहिल्यांदाच कुणाच्या नावे महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम जमा होते, त्या घरात 'चाकोरी' हा शब्द शिवी म्हणून वापरता येत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना चाकोरीच्या बाहेर, गावकुसाच्या बाहेर ठेवले गेले, त्यांनी चाकोरीत प्रवेश मिळवणे हेच मोठे बंड आहे. पहिल्या पिढीच्या पदवीधराला 'सुरक्षिततेचा मोह सोड' असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य ऐकवणे होय.

याहून अस्वस्थ करणारे उदाहरण 'कोल्हाट्याचं पोर' हे आहे. किशोर शांताबाई काळे यांचे हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले. तिथे कला ही निवड नव्हतीच. नाचणे आणि गाणे हे जन्माने वाट्याला आलेले काम होते. आईला नाचावे लागले, घर तिच्यावर चालले. त्या घरातल्या मुलाने ध्यास घेतला तो वैद्यकीय शिक्षणाचा. ज्याला आम्ही सुरक्षित, रूक्ष, मध्यमवर्गीय कारकीर्द म्हणून हिणवतो, ती डॉक्टरकीच इथे मुक्तीची वाट ठरली, आणि जिला आम्ही मुक्ती म्हणतो ती कलाच बेडी होती. निर्मिती म्हणजे स्वातंत्र्य आणि नोकरी म्हणजे गुलामी, हे समीकरण सार्वत्रिक सत्य म्हणून मांडणाऱ्यांनी हे पुस्तक पुन्हा एकदा वाचावे.

लोकप्रिय संस्कृतीत तर हा भेद नकळत उघडा पडतो. २००९ साली आलेल्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटाचे दाखले आजही व्यासपीठांवरून दिले जातात. त्यात फरहानला छायाचित्रकार व्हायचे असते. वडिलांची समजूत पटते, तो होतो. पण त्याच्याच खोलीत राहणाऱ्या राजूचे काय? वडील अंथरुणाला खिळलेले, बहिणीचे लग्न अडलेले, घरची मिळकत तुटपुंजी. राजूच्या कथेचा सुखान्त होतो तो नोकरी मिळण्याने. राजूचा ध्यास कोणता होता, हे अख्ख्या चित्रपटात कुणी विचारत नाही. पटकथाकारांचे व्यवहारज्ञान आमच्या प्रवचनकारांपेक्षा चांगले आहे, एवढाच निष्कर्ष यातून काढावा लागतो.

तर मग नोकरीचे गोडवे गायचे काय? मुळीच नाही. पगार वेळ देतो आणि त्याबदल्यात काही घेतोही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चे आहेत आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्याची मोकळीक ते कर्मचाऱ्याला देत नाहीत. खाजगी संस्थांना असे नियम छापण्याचीही गरज भासत नाही. तिथे संस्थाचालकाच्या भुवईवर काम भागते. मराठी कादंबरीतला दीर्घकाळचा कोंदटपणा, तीच चाळ, तीच कचेरी, तेच सोवळे दुःख, याचा संबंध लेखकांच्या पगारी जीवनाशी नाही असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. परंतु या कोंदटपणाची सर्वांत निर्मम चिकित्सासुद्धा नोकरीच्या आतूनच झाली आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील गावोगावच्या महाविद्यालयांतून बिऱ्हाड हलवत राहतो. शिक्षणसंस्थांचे राजकारण, जातीचे हिशेब, प्राध्यापकांची क्षुद्रता हे सारे मराठीत ज्या ताकदीने आले, ते स्वतः अध्यापन करणाऱ्या लेखकाकडून आले. नोकरी लेखकाला मारतेच असे नाही आणि तारतेच असेही नाही. तिच्याकडे सामग्री म्हणून पाहायचे की आच्छादन म्हणून, हा ज्याच्या त्याच्या वकुबाचा भाग आहे.

राजीनाम्याच्या प्रवचनाला पर्याय म्हणून एक शहाणपणाचा सल्लाही दिला जातो: आधी नोकरी पाहा, मग लिहा. पूर्वसूरींचा इतिहास पाहता तो योग्य वाटेल. पण हा सल्ला देणाऱ्यांनी गेल्या दोन दशकांत खिडकीबाहेर पाहिलेले दिसत नाही. पेंडशांना 'बेस्ट' होती, सुर्व्यांना महापालिकेची शाळा होती, जी. एं.ना कायम प्राध्यापकी होती. आजच्या नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेल्या मराठीच्या पदवीधराला काय आहे? तासिका तत्त्व. जितके तास घेतले तितके पैसे. सुट्टीत काही नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा ठरवली. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष हातात काय पडते आणि किती महिन्यांनी पडते, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. ज्या सुरक्षित वाटेची आणि निर्मितीच्या वाटेची आम्ही तुलना करीत बसलो आहोत, त्यांतली सुरक्षित वाट दरम्यान बंद झाली. विद्यार्थ्यापुढे दोन वाटा आहेत असे सांगणे आता चूक आहे. त्याच्यापुढे दोन असुरक्षितता आहेत, आणि त्यांतल्या एकीला आम्ही अजून 'करिअर' म्हणतो.

लेखनावर जगण्याचे गणितही एकदा मांडूनच टाकू. समजा, एका कादंबरीच्या ५०० प्रती छापल्या, किंमत ३०० रुपये ठेवली आणि त्या सगळ्या खपल्या. दहा टक्के मानधन प्रामाणिकपणे मिळाले तर लेखकाच्या पदरात १५,००० रुपये पडतील. कादंबरी लिहायला चार वर्षे लागली असतील तर महिन्याला सुमारे ३१२ रुपये. हे सारे 'समजा'च्या आधारावर. या आकड्यासमोर ध्यासाची भाषा करणाऱ्याला आम्ही स्वप्नाळू म्हणणार नाही. तो दुसऱ्याच्या खिशाच्या भरवशावर उदार झालेला असतो.

शिवाय ज्यांना कायम नोकरी लाभली, त्यांच्या लेखनाचे तरी काय झाले? २०१० पासून बढतीसाठी लेखनाला गुण मोजण्याची पद्धत आली आणि पाहता पाहता चर्चासत्रांची जत्रा भरली. लिहिता यावे म्हणून नोकरी करणारी पिढी मागे पडली. नोकरी पुढे सरकावी म्हणून लिहिणारी पिढी आली. एकेका शोधनिबंधामागे गुण आहेत, वाचक नाही. सुरक्षितता आणि लेखन यांचा संयोग आपोआप निर्मितिक्षम होत नाही, याचा हा पुरावा घरचाच आहे.

मग करायचे काय? आमचे म्हणणे साधे आहे आणि त्यात काव्य नाही. लेखकाच्या वेळेची किंमत आजवर त्याच्या मालकाने, नाहीतर त्याच्या घरच्यांनी भरली. ती अंशतः तरी साहित्यव्यवहाराने भरावी. व्याख्यानाला येणाऱ्या तरुण लेखकाला शाल आणि श्रीफळ देण्याऐवजी मानधन द्यावे, आणि ते पाकिटात घालून लाजत देण्याऐवजी आधी सांगून द्यावे. नियतकालिकांनी 'मानधन देऊ शकत नाही' हे वाक्य अभिमानाने छापणे थांबवावे. तासिकेवरच्या सहकाऱ्याकडून विनामोबदला परीक्षणे, प्रस्तावना, मुद्रितशोधन करून घेणाऱ्या कायम प्राध्यापकांनी त्याला 'संधी' म्हणू नये. ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्याने अनुदानाचा आधार मिळाला. त्या अनुदानातून नव्या लेखकांची पुस्तके किती घेतली जातात, याचा हिशेब वाचकांनी मागावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे उत्सव झाले. अभिजात भाषेच्या विभागातली रिकामी पदे भरणे हा त्या उत्सवातला सर्वांत नीरस आणि सर्वांत आवश्यक कार्यक्रम आहे.

विद्यार्थ्यांना सांगायचे तेही वेगळे असले पाहिजे. त्यांच्या धैर्याची परीक्षा घेणे आपण बंद करावे. ज्याला नोकरी मिळते आहे त्याने ती खुशाल घ्यावी, अपराधी वाटून घेऊ नये. ज्याला सोडायची आहे त्याने सोडावी, पण घरात त्याचा भार कुणावर पडणार ते आधी त्या व्यक्तीला विचारावे. दोघांनीही आपल्या अडचणीला स्वतःच्या स्वभावाचा दोष समजू नये. वर्गात लेखकाचे चरित्र शिकवताना 'यांचे घर कसे चालत होते?' हा प्रश्न शैली आणि आशयाच्या प्रश्नांइतक्याच गांभीर्याने विचारला जावा. त्याने कवितेचे पावित्र्य बिघडत नाही. बिघडलीच तर आमची प्रवचने बिघडतील.

बहिणाबाई चौधरी शेतात आणि जात्यावर राबता राबता ओव्या रचीत. त्यांना कुणी करिअर देऊ केले नाही आणि ध्यास जपायलाही सांगितले नाही. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या, त्याही कुणी ऐकून उतरून ठेवल्या होत्या म्हणून. यावरून 'प्रतिभा कुठेही उगवते' असा सुभाषितवजा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. आम्हांला या उदाहरणात दुसरेच दिसते. उतरून घेणारे जिथे कुणी नव्हते अशा शेकडो जात्यांवरचे काव्य पिठाबरोबर गेले. ते वाचवायला त्या बायकांचे धैर्य कमी पडले नव्हते. कमी पडला तो वेळ, कागद आणि मोबदला. आणि या तिन्ही गोष्टी देणे हे समाजाचे काम आहे, प्रतिभेचे नव्हे.